डॉ. द्वारकानाथ कोटणीस : दोन देशांना जोडणारे एक आयुष्य



वर्षातून काही रविवार असे येतात की मिस्साच्या वेळी दानाची पिशवी दुसऱ्यांदा फिरते. कधी भूकंपग्रस्तांसाठी, कधी दुष्काळासाठी, तर कधी ज्या देशाचे नावही आपल्याला नीट उच्चारता येत नाही अशा देशातील लोकांसाठी. आपण खिशात हात घालतो, एक नोट काढतो, पिशवीत टाकतो आणि पुढच्या गीताचे पान उघडतो. यात गैर काही नाही. पैसे लागतातच. पण त्या नोटेचे पुढे काय होते, ती ज्याच्या हातात पडते त्याचे आणि आपले काही नाते जुळते का, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो.

एका देशाने दुसऱ्या देशाला मदत करणे ही आज सरकारी गोष्ट झाली आहे. दूतावास असतात, करार होतात, धनादेश दिले जातात, छायाचित्रे निघतात. पण ज्या काळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता, त्याचा परदेशात एकही दूतावास नव्हता, त्या काळी आपल्या लोकांनी एका दूरच्या देशाला मदत पाठवली. तिच्यात पैसे होते, औषधे होती, एक रुग्णवाहिका होती, आणि पाच माणसेही होती. त्यांपैकी एक जण परत आला नाही. त्याचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. आज त्यांचीच ओळख आपण करून घेऊ या.

आपल्यातील ज्येष्ठांना हे नाव व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटामुळे ठाऊक असेल. आमच्यासारख्यांनी तो पुढे दूरदर्शनवर पाहिला. पण चित्रपटातली माणसे आपल्याला थोडी दूरचीच वाटतात. म्हणून आम्ही येथे साधी हकीकत सांगणार आहोत.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ. सोलापूर हे तेव्हा कापड गिरण्यांचे गाव होते आणि स्वातंत्र्य चळवळीचेही. १९३० साली त्या शहरात मोठा उठाव झाला, लष्करी कायदा पुकारला गेला आणि १९३१ च्या जानेवारीत चार सोलापूरकरांना फाशी देण्यात आले. ज्या गावात असे घडते, त्या गावच्या तरुणाला देश म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईत परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आले. आपण ज्याला केईएम म्हणतो त्या रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय. ते सुरू झाले तेच एका अटीवर. तेथे शिकवणारे डॉक्टर हिंदीच असावेत, अशी देणगीदारांची अट होती, कारण त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखलेल्या असत. आपला माणूसही तितकाच चांगला शिकवू शकतो आणि तितकीच चांगली शस्त्रक्रिया करू शकतो, हे दाखवून देण्यासाठी ती संस्था उभी राहिली होती. द्वारकानाथ तेथे पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणाची तयारी करू लागले. एखाद्या हुशार तरुण डॉक्टरचे आयुष्य जसे जायचे तसेच त्यांचेही जाणार, असे घरच्यांना वाटत होते.

चीनमधून आलेले पत्र

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्या वर्षीच्या डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि तेथे झालेल्या कत्तलीने जग हादरले. लाखो लोक घरदार सोडून पश्चिमेकडे चालू लागले. चीनमध्ये डॉक्टर आधीच कमी होते. युद्धात जखमींचे ढीग लागले आणि त्यांना मलमपट्टी करायलाही माणसे मिळेनात.

तेव्हा चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. ही मागणी लंडनच्या सरकारकडे नव्हती, दिल्लीच्या व्हाइसरॉयकडेही नव्हती. ती हिंदी लोकांकडे केलेली होती. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून रोजी देशाला आवाहन केले. वर्गणी सुरू झाली आणि २२ हजार रुपयांचा निधी जमला. तेव्हाच्या मानाने ही रक्कम मोठी होती आणि ती आली होती स्वतःच गरीब असलेल्या लोकांच्या खिशातून. औषधे व उपकरणे घेतली गेली, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. त्यांनी याआधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा केली होती. दुसरे नागपूरचे डॉ. चोळकर. तिसरे आणि चौथे कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. बिजय कुमार बसू. आणि पाचवे आपले सोलापूरचे कोटणीस, वय अवघे २७.

घरच्यांना चीनविषयी फारसे काही ठाऊक नव्हते. त्यांच्या धाकट्या भगिनींनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले आहे की, दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले एवढीच त्यांची चीनशी ओळख होती. अशा घरातील मुलगा, ज्याच्या शिक्षणावर घराच्या आशा बांधलेल्या होत्या, तो युद्धाच्या खाईत जायला निघाला. त्यांनी घरच्यांची परवानगी मागितली आणि ती मिळाली. आम्हाला वाटते, या कथेतील पहिले दान हे आहे. ते द्वारकानाथांनी दिले नाही, त्यांच्या कुटुंबाने दिले.

मुंबई बंदरातून

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' ही बोट मुंबई बंदरातून निघाली. आदल्या रात्री निरोपाची सभा झाली होती आणि अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू होत्या.

त्या बंदराविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईचे चीनशी नाते जुने आहे, पण त्याची सुरुवात अभिमान वाटावी अशी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्यात पिकलेली अफू याच मुंबई बंदरातून चीनला जात असे. चिनी लोक व्यसनाने उद्ध्वस्त होत होते आणि मुंबईत पेढ्या, हवेल्या व धर्मादाय संस्था उभ्या राहत होत्या. ज्यांच्या नावाने १८४५ पासून जे. जे. रुग्णालय चालते त्या सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. चीनने अफू रोखायचा प्रयत्न केला तेव्हा इंग्रजांनी युद्ध केले आणि त्या युद्धात हिंदी शिपाई वापरले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरून चीनला विष गेले होते आणि बंदुका घेतलेले शिपाई गेले होते. आता त्याच किनाऱ्यावरून पाच डॉक्टर निघाले होते. हा हिशेब त्या पाच जणांच्या मनात होता की नाही, हे महत्त्वाचे नाही. आपल्या मनात मात्र तो असायला हवा. कारण आपण कुणाला मदत करतो तेव्हा आपण फार उदार झालो असे आपल्याला वाटते, आणि पुष्कळदा ते एखाद्या जुन्या कर्जाचे व्याजही नसते.

सप्टेंबरच्या मध्यास पथक हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले. तेथून ते हँको शहरी गेले. पण युद्ध त्यांच्या पाठोपाठ येत होते. ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस हँको जपान्यांच्या हाती पडले. पथक मागे सरकत यिचांग आणि मग चुंगकिंग येथे आले. या काळात ते चिनी रेडक्रॉसच्या रुग्णालयांत काम करीत होते.

चुंगकिंगमध्ये असताना पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी त्यांनी 'हुआ' हा शब्द जोडला. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आजही चीनमध्ये कोटणीस हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, के दिहुआ मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

चीनमध्ये पोहोचल्यावर थोड्याच काळात त्यांना घरून बातमी आली की वडील वारले. अशा वेळी परत जाणे हा कोणत्याही मुलाचा हक्क होता आणि कुणीही त्यांना नाव ठेवले नसते. ते परतले नाहीत. हा निर्णय योग्य होता की अयोग्य, हे सांगणारे आम्ही कोण? ज्यांच्या घरातील मुलगा आखातात किंवा बोटीवर असताना घरात मृत्यू झाला आहे, अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. न येणाऱ्याचे दुःख काय असते आणि वाट पाहणाऱ्यांचे काय असते, ते त्यांना विचारावे.

गुहांमधील रुग्णालय

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडील येनान येथे पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा हीच तेथील घरे, हेच वर्ग आणि हेच रुग्णालयाचे वॉर्ड. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उत्तर चीनची थंडी कशी वाटली असेल याची कल्पनाच केलेली बरी. अन्न साधे आणि अपुरे. अंघोळीला पाणी मोजके.

पाचांपैकी डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच परतले. प्रकृतीमुळे डॉ. अटल यांनाही पुढच्या वर्षी परतावे लागले. परतणाऱ्यांनी काही कमी केले असे नव्हे. त्यांनीही जिवाची पर्वा न करता सेवा केली होती. मागे राहिले ते बसू आणि कोटणीस. हे दोघे पुढे आघाडीवर गेले. शत्रूच्या वेढ्यातून, रात्री चालत, डोंगर ओलांडत त्यांनी शेकडो मैलांचा प्रवास केला.

या काळात कोटणीस यांनी एक गोष्ट केली आणि आम्हाला ती या सर्व कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते. ते चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर ती अवघड लिपी लिहिण्यावाचण्यापर्यंत. आधी दुभाष्यामार्फत रुग्णाशी बोलणारा डॉक्टर आता रुग्णाला त्याच्याच भाषेत कुठे दुखते ते विचारू लागला. पुढे तो त्याच भाषेत वर्गात शिकवू लागला.

ज्यांनी कधी परक्या शहरात आजारपण काढले आहे त्यांना याचे मोल कळेल. औषध कुणीही पाठवू शकतो. आपली कळ आपल्या शब्दांत ऐकून घेणारा माणूस मिळणे ही गोष्ट वेगळी.

बेथ्यून यांच्या जागी

उत्तर चीनच्या त्या डोंगराळ भागात कोटणीस यांच्या आधी आणखी एक परदेशी डॉक्टर आला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून. तेही स्पेनच्या युद्धातून आलेले. रणभूमीच्या अगदी जवळ शस्त्रक्रिया केली तर जखमी वाचतो, उशीर झाला तर वाचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून खेचरांच्या पाठीवर लादता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह त्यांनी तयार केले. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखम चिघळली आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथील रुग्णालयाला 'बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय' असे नाव दिले गेले. जानेवारी १९४१ मध्ये या रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून डॉ. कोटणीस यांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लिफ्ट, फरशी आणि पांढऱ्या चादरी येतात. येथे तसे काही नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांत, देवळांत रुग्ण ठेवले जात. जपानी सैन्य जवळ आले की सारे उचलून दुसऱ्या गावी जायचे. नाकेबंदीमुळे औषधे जवळजवळ मिळत नसत. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. भूल देण्याचे औषध कधी असे, कधी नसे.

त्याआधी १९४० मध्ये, ऑगस्टात सुरू झालेल्या एका मोठ्या लढाईत, डॉ. कोटणीस यांनी न झोपता ७२ तासांपर्यंत सलग शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. त्या मोहिमेत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. केईएमच्या अपघात विभागात एखादी रात्र ज्यांनी काढली आहे, त्यांना हा आकडा काय सांगतो ते समजेल.

पण रुग्ण तपासणे एवढेच त्यांचे काम नव्हते. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती आणि तेथे ते शिकवत. शिकायला येणारी मुले खेड्यांतली, बेताच्या शिक्षणाची. चिनी भाषेत त्यांच्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून कोटणीस यांनी शस्त्रक्रियेवर स्वतः पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले.

येथे क्षणभर थांबून पाहू या. मुंबईहून निघालेली औषधे केव्हाच संपली होती. रुग्णवाहिकाही कायमची टिकणारी नव्हती. २२ हजार रुपये तर कधीच खर्च झाले होते. टिकले ते काय? कोटणीस यांच्या हाताखाली शिकलेली मुले. त्यांनी आणखी किती जणांना वाचवले असेल याची मोजदाद नाही. एका देशाने दुसऱ्या देशाला केलेल्या मदतीची खरी परीक्षा येथे असते. मदत करणारा निघून गेल्यावर तेथील माणसे आपल्या पायांवर उभी राहतात की नाहीत, हे पाहायचे असते.

एक छोटासा संसार

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात डॉ. कोटणीस यांची गाठ गुओ छिंगलान या तरुण परिचारिकेशी पडली. हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो, लिहितो, याचे तिला नवल वाटले. ती त्याच वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत असे. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. दोन देशांचे राजनैतिक संबंध तेव्हा कागदावरही नव्हते. ते एका पाळण्यात होते.

आणखी एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाही. जुलै १९४२ मध्ये डॉ. कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाच्या राजवटीत पुढे चीनमध्ये सर्वच धर्मांच्या लोकांना, आपल्या लोकांनाही, काय सोसावे लागले ते आपण जाणतो. काही वाचकांना हे खटकेल आणि ते आम्ही समजू शकतो. पण माणसाचे चरित्र सांगताना आपल्याला सोयीचे तेवढेच सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे. कोटणीस यांनी ज्या माणसांबरोबर उपास काढले, ज्यांच्या जखमा शिवल्या, त्यांच्याशी ते पूर्णपणे एकरूप झाले. पुढची वर्षे पाहायला ते राहिलेच नाहीत.

९ डिसेंबर १९४२

अतिश्रम, अपुरे अन्न आणि डोंगरातील थंडी यांनी त्यांची प्रकृती खालावली होती. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे, झटके येऊ लागले. वरिष्ठांनी सुरक्षित ठिकाणी जाऊन उपचार घेण्याचा आग्रह केला. ते गेले नाहीत. काम सोडून जाण्याइतका आपला आजार मोठा नाही, असे त्यांना वाटत असावे. डॉक्टर मंडळी स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करतात, हे आपण आपल्या घरांतही पाहतो.

९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे अशाच झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ३२ वर्षांचे होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पाठ्यपुस्तक अर्धेच राहिले.

हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांना पुरण्यात आले. पुढे त्यांचे अवशेष शीजियाझुआंग शहरातील हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. आपल्याकडे २ नोव्हेंबरला आपण जशा कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, तसाच चिनी लोकांचा एक दिवस एप्रिलच्या सुरुवातीला असतो. त्या दिवशी सोलापूरच्या या मुलाच्या कबरीवरही फुले वाहिली जातात. तेथे त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच आवारात बेथ्यून यांचाही.

मागे राहिलेली माणसे

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांची पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धत, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकले आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी ते उपचार सुरू केले. आज आपल्या उपनगरातही ठिकठिकाणी ॲक्युपंक्चरच्या पाट्या दिसतात. गुडघेदुखीसाठी तेथे जाणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण भारतात ही विद्या आणणाऱ्यांत त्या पाच डॉक्टरांपैकीच एक होते. द्यायला गेलेला माणूस काही घेऊनही आला. मदत एकाच दिशेने वाहते असे आपण समजतो, ते खरे नाही.

छिंगलान यांच्या वाट्याला दुसरे दुःखही आले. यिनहुआ वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारासच, तो वारला. वयाची पंचविशीही त्याने पुरती गाठली नव्हती. पती गेला, मुलगा गेला, पण भारतातील सासरशी त्यांनी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या. २८ जून २०१२ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे चीनमध्ये निधन झाले.

दोन देशांचे चढउतार

स्वतंत्र भारताने १ एप्रिल १९५० रोजी नव्या चीनशी राजनैतिक संबंध जोडले. १९५४ मध्ये पंचशील करार झाला. मैत्रीच्या घोषणा झाल्या. आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले. आपले हजारो जवान मारले गेले, जखमी झाले, कैद झाले. दोन्ही देशांत राजदूत पुन्हा नेमले गेले ते थेट १९७६ मध्ये. अलीकडे, जून २०२० मध्ये, गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले.

मग प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारायलाच हवा. ज्या चीनसाठी कोटणीस मेले त्याच चीनने आपल्यावर बंदूक उगारली. तर त्यांचे मरण वाया गेले का?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर असे. कोटणीस चीनच्या सरकारसाठी गेले नव्हते. १९३८ मध्ये त्यांना आमंत्रण देणारे लोक तेव्हा सरकारात नव्हतेही. ते जखमी माणसांसाठी गेले. ज्याचा पाय त्यांनी वाचवला तो माणूस आयुष्यभर त्या पायावर चालला. ती मदत त्याच दिवशी पूर्ण झाली. पुढे सरकारांनी काय केले, त्यावर तिचे मोल ठरत नाही. आपण परतफेडीच्या अपेक्षेने देतो तेव्हा ते कर्ज असते. कोटणीस यांनी कर्ज दिले नव्हते.

दोन्ही सरकारांनी त्यांची आठवण आपापल्या सोयीने काढली, हेही खरे आहे. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली, आपण १९९३ मध्ये काढले. २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ मुंबईत आले तेव्हा कोटणीस यांच्या नातलगांना भेटले. २०१३ मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनीही मुंबईत त्यांच्या भगिनींची भेट घेतली. तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. २०१२ पासून सोलापुरातही डॉ. कोटणीस यांचे स्मारक आहे. संबंध बिघडले की अशा भेटी थांबतात, सुधारले की पुन्हा सुरू होतात. पण इतक्या तणावातही दोन्ही बाजूंना आदराने घेता येईल असे एक नाव उरते, ही गोष्ट लहान नाही. बोलणे पुन्हा सुरू करायला कुठूनतरी सुरुवात करावी लागते.

स्वतंत्र झाल्यावर भारतानेही तो मार्ग पूर्णपणे सोडला नाही. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा भारताने लढणारी पलटण पाठवली नाही, लष्कराचे वैद्यकीय पथक पाठवले. १९६४ पासून सरकारची एक योजना चालते. तिच्यातून आफ्रिका, आशिया आणि इतर खंडांतील देशांचे लोक भारतात प्रशिक्षणासाठी येतात. पैशांपेक्षा माणूस घडवणे अधिक टिकते, हे कोटणीस यांनी डोंगरातल्या त्या शाळेत आधीच दाखवले होते.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी कुणालाही उद्या युद्धभूमीवर जायचे नाही. पण अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, आपल्या उपनगरात दूरच्या प्रदेशांतील माणसे आपल्या शेजारीच राहतात. रात्री इमारतीच्या दाराशी बसणारा नेपाळी रखवालदार, बांधकामावर काम करणारी ओडिशाची बाई, रुग्णालयात सुई टोचताना धीर देणारी केरळची किंवा ईशान्येकडची परिचारिका. सणाला आपण त्यांना पाकीट देतो. त्यांच्या गावाचे नाव आपल्याला ठाऊक असते का? त्यांच्या भाषेतले दोन शब्द तरी आपल्याला येतात का?

आणि आपल्याच धर्मग्रामातील कितीतरी मुलेमुली परिचारिका म्हणून, तंत्रज्ञ म्हणून, बोटीवरचे कर्मचारी म्हणून परदेशी आहेत. त्यांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, जेथे आहात तेथील भाषा शिका. दुभाष्याच्या मागे उभे राहून सेवा करता येते, पण नाते जोडता येत नाही.

पुढच्या वेळी दुसऱ्यांदा दानाची पिशवी फिरेल तेव्हा जरूर नोट टाका. सोबत, ती कुठे जाणार आहे हे फादरांना किंवा समितीला विचारा. त्या देशाचा नकाशा मुलांना दाखवा. तेथील एका तरी गावाचे नाव घरात उच्चारा. २२ हजार रुपये तेव्हाच्या भारतासाठी मोठी रक्कम होती, पण चीनच्या गरजेपुढे ती थेंबभरच होती. तरी ती मदत चीनमध्ये अजून विसरली गेलेली नाही, कारण तिच्यासोबत गेलेला एक माणूस तेथील भाषा शिकला आणि तेथेच राहिला.

सोलापूरला जाण्याचा योग आला तर डॉ. कोटणीस यांचे स्मारक अवश्य पाहा. आणि परळला केईएमच्या बाजूने जाल तेव्हा आठवण ठेवा, की याच आवारातून शिकून गेलेला एक मुलगा अवघ्या चार वर्षांत एका संपूर्ण देशाचा डॉक्टर झाला.